वेळेवरून फुटणारं गुपित

4 जानेवारी 2018. भारतात पहाटेचे पाच वाजत होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझ्युर क्लाउडवरची उरलीसुरली व्हर्च्युअल मशीन सक्तीने बंद करून पुन्हा चालू करायला घेतली. हे काम ग्राहकांना सवडीने उरकता यावं अशी मूळ योजना होती. पण प्रोसेसरमधल्या त्रुटींची, 9 जानेवारीला जाहीर करायची बातमी आठवडाभर आधीच फुटली आणि सगळी घाई झाली. अझ्युरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग 2015 पासून पुण्यात आहे. कोथरूडमधून रोज चांदणी चौकमार्गे हिंजवडी गाठणाऱ्या कितीतरी जणांचं काम अशाच भाड्याच्या मशीनांवर चालतं. ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ ही त्या त्रुटींची नावं त्यांच्या कानावर पडली ती त्याच आठवड्यात.

तेव्हा पॅच बसले, मशीन पुन्हा सुरू झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र तो गेल्या काही दशकांतला संगणकसुरक्षेचा सर्वांत महत्त्वाचा विषय वाटतो. एरवी संगणकावर हल्ला होतो तेव्हा कुणीतरी व्हायरस घुसवलेला असतो, कुणाचा पासवर्ड चोरलेला असतो किंवा प्रोग्राम लिहिताना कुठेतरी चूक राहिलेली असते. इथे यातलं काहीच नव्हतं. प्रोसेसर प्रत्येक गणित बरोबर करत होता, परवानगी नसलेल्याला नकारही देत होता. त्याला उत्तर द्यायला कधी थोडा कमी वेळ लागत होता, कधी थोडा जास्त, आणि तेवढ्या फरकातून बंद कुलपाआडची माहिती बाहेर पडत होती. यालाच टायमिंग अटॅक म्हणतात.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासाठी कोथरूडमधल्या एखाद्या गजबजलेल्या औषधांच्या दुकानाची कल्पना करा. काउंटरवर जागा थोडी. नुकतीच कुणी मागितलेली औषधं तिथेच हाताशी ठेवलेली, बाकीचा साठा मागच्या गोदामात. तुम्ही एका औषधाचं नाव सांगता. दुकानदाराने ते तिथल्या तिथे पुढे केलं, तर तुमच्या आधी कुणीतरी तेच मागितलेलं आहे. आत जाऊन आणायला दोन मिनिटं लागली, तर ते कुणी मागितलेलं नाही. आता समजा, तुमच्या आधी दुकानातून फक्त तुमचे शेजारी येऊन गेले आणि औषध मधुमेहाचं आहे. दुकानदाराने कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाची चिठ्ठी दाखवली नाही. तरी शेजाऱ्यांचा आजार तुम्हाला समजला, तोही फक्त घड्याळ बघून.

संगणकातलं गोदाम म्हणजे मुख्य मेमरी, म्हणजेच डीरॅम. प्रोसेसरने तिथून काही मागवलं तर हातात पडायला साधारण 60 ते 100 नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 30 सेंटिमीटर जातो. पण आजचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात तीन-चार पावलं टाकतो, म्हणजे एका मागणीपायी त्याला दोन-तीनशे पावलं हात बांधून उभं राहावं लागेल. म्हणून त्याच्या अगदी शेजारी छोटी आणि वेगवान ‘कॅशे’ मेमरी बसवलेली असते, तीही एकामागे एक अशा तीन पातळ्यांची. सर्वांत जवळच्या पातळीतून उत्तर साधारण एका नॅनोसेकंदात मिळतं. एकदा वापरलेली माहिती लवकरच पुन्हा लागते, या अनुभवावर ही सगळी रचना उभी आहे. आजच्या संगणकाच्या वेगाचा फार मोठा वाटा तिचाच.

कॅशे सगळ्यांना सामायिक असते, गोम तिथेच आहे. एकाच चिपवर तुमचा बँकेचा प्रोग्राम चालतो आणि ब्राउझरमधल्या अनोळखी संकेतस्थळाचा कोडही चालतो. क्लाउडमध्ये तर एकाच यंत्रावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन शेजारी शेजारी नांदतात. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्यात भिंत घालते, एकाला दुसऱ्याची मेमरी वाचू देत नाही. पण काउंटर एकच आहे आणि त्यावर काय पडलंय हे वेळ मोजून कळतं.

हेरगिरीच्या इथे दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीत हेर आधी दुकानदाराला म्हणतो, हे औषध आत ठेवून द्या. थोडा वेळ जाऊ देतो आणि मग तेच मागून बघतो. पटकन मिळालं, तर मधल्या काळात कुणीतरी मागितलं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये कॅशेतली ओळ बाहेर काढण्याची सूचना कोणत्याही साध्या प्रोग्रामला देता येते, त्यामुळे दोघांमध्ये सामायिक असलेल्या लायब्ररीवर ही युक्ती फार अचूक चालते. ‘फ्लश अँड रीलोड’ नावाने ती 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युवल यारोम आणि कॅटरीना फॉकनर यांनी मांडली. दुसऱ्या तऱ्हेत हेर सगळं काउंटर आपल्याच सामानाने भरून टाकतो आणि नंतर एकेक वस्तू परत मागतो. जिला उशीर लागेल, तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी काही येऊन गेलेलं असतं. या ‘प्राइम अँड प्रोब’ तऱ्हेला कॅशेखेरीज दुसरं काहीही सामायिक असावं लागत नाही, म्हणून क्लाउडच्या दृष्टीने तीच अधिक काळजीची.

मेमरी घरभेदी ठरू शकते, हे मात्र संगणकशास्त्राला फार आधीपासून ठाऊक आहे. 1970 च्या दशकात टेनेक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक सुरेख चोरी सापडली. ही प्रणाली पासवर्ड एकेक अक्षर तपासत जायची आणि पहिलं चुकीचं अक्षर आलं की थांबायची. हल्लेखोराने आपला अंदाज मेमरीत असा ठेवला, की पहिलं अक्षर मेमरीच्या एका पानाच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या, शेवटी आणि उरलेली अक्षरं पुढच्या पानावर येतील, आणि ते पुढचं पान त्या क्षणी मेमरीत नसेल. पहिलं अक्षर बरोबर असेल तरच प्रणाली पुढचं पान मागवायची, आणि ते मागवलं गेलं का हे हल्लेखोराला कळायचं. मग दुसरं अक्षर, मग तिसरं. 26 इंग्रजी अक्षरांतून केलेला आठ अक्षरी पासवर्ड आंधळेपणाने शोधायचा तर सुमारे 20,882 कोटी शक्यता तपासाव्या लागतात. या वाटेने जास्तीत जास्त 208 पुरतात.

1996 साली पॉल कोचर या तरुणाने हा विचार गुप्तलेखनाच्या मर्मापर्यंत नेला. स्टॅनफर्डमध्ये तो जीवशास्त्र शिकलेला, पशुवैद्य व्हायचं त्याच्या मनात होतं. आरएसएसारख्या पद्धतीत चावीच्या प्रत्येक बिटनुसार गणिताला किंचित कमी-जास्त वेळ लागतो आणि असे पुरेसे वेळ गोळा केले की चावी बाहेर काढता येते, हे त्याने दाखवलं. गणिती दृष्टीने अभेद्य पद्धत तिच्या अंमलबजावणीतून फुटू शकते, हा धक्का मोठा होता. तो लोकांच्या गळी उतरायला बराच काळ गेला. एईएस ही आजची सर्वमान्य कूटपद्धती निवडताना अमेरिकेच्या मानक संस्थेने 2000 सालच्या अहवालात, तक्त्यातून आकडा उचलण्याच्या क्रियेला टायमिंग अटॅकचा धोका नाही, असं नोंदवलं होतं. 2005 मध्ये डॅनियल बर्नस्टाइनने आणि 2006 मध्ये ओस्विक, शमीर व ट्रोमर या तिघांनी तो समज मोडीत काढला.

इथून ही गोष्ट महाराष्ट्रात येते, आणि तिचा तपशील थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या पवईत, आयआयटी बॉम्बेमध्ये बर्नार्ड मेनेझिस आणि त्यांचे सहसंशोधक अशोककुमार सी. व रवि प्रकाश गिरी यांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला: एईएसची पूर्ण चावी काढायला कॅशेची कमीत कमी किती निरीक्षणं पुरतील? त्यांचा शोधनिबंध 2016 च्या युरोपीय सुरक्षा परिषदेत सादर झाला.

एईएसमध्ये चावी बहुधा 16 बाइटची असते. वेग यावा म्हणून जुन्या अंमलबजावणीत आधीच तयार केलेले मोठे तक्ते वापरतात. एका तक्त्यात 256 नोंदी, प्रत्येक नोंद 4 बाइटची, म्हणजे तक्ता 1 किलोबाइटचा. पहिल्या फेरीत संदेशाचा एक बाइट चावीच्या एका बाइटशी मिसळतो आणि जो आकडा येतो त्या क्रमांकाची नोंद तक्त्यातून उचलली जाते. कॅशेत माहिती 64 बाइटच्या ओळींनी येते, म्हणजे एका ओळीत 16 नोंदी आणि तक्त्याच्या एकूण 16 ओळी. नेमकी कोणती नोंद उचलली हे हेराला दिसत नाही, पण कोणती ओळ आली हे वेळ मोजून कळतं. ओळ कळली की त्या क्रमांकाचे वरचे चार बिट कळले. संदेश ठाऊक असेल तर चावीच्या बाइटचेही वरचे चार बिट हाती आले. अशा 16 बाइटांचे मिळून 128 पैकी 64 बिट, तेही पहिल्या फेरीतूनच. उरलेले बिट दुसऱ्या फेरीतल्या नोंदींवरून ताडून काढता येतात.

कागदावर हे सोपं दिसतं, प्रत्यक्षात निरीक्षणं फार गढूळ असतात. संदेशाचा एक ठोकळा कूटबद्ध करायला एईएसला मायक्रोसेकंदाहून कमी वेळ पुरतो, तेवढ्यात हेराने मधे डोकवायचं कसं? पवईच्या गटाने एकामागोमाग जागे होणाऱ्या अनेक छोट्या हेर-प्रोग्रामांची साखळी रचली. लिनक्स कोणत्या प्रोग्रामला किती वेळ देतं याचे नियमच त्यांनी वापरून घेतले, म्हणजे एईएस थोडंसं चालायचं आणि हेर डोकवायचा, पुन्हा थोडं चालायचं आणि पुन्हा हेर. त्यावर निरीक्षणांतली चूकभूल धरून चालणारे हिशेब त्यांनी बसवले. आधीच्या संशोधकांना शेकडो ठोकळ्यांचं कूटलेखन पाहावं लागत होतं, इथे बोटांवर मोजण्याइतके ठोकळे पुरले. पुढे याच गटाने, मोठे तक्ते टाकून एकच छोटा तक्ता वापरण्याचा जो सोपा उपाय लोक सुचवत होते, तोही पुरेसा नाही हे दाखवलं. कुलूप मजबूत आहे म्हणणाऱ्याला ते प्रेमाने उघडून दाखवणं, हे या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी काम आहे, आणि ते आपल्या राज्यात झालं याचा मला अभिमान वाटतो.

एईएसपुरता पक्का उपाय आज आहे. 2010 पासून इंटेलच्या चिपमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचनाच आहेत. त्या तक्त्याला हात लावत नाहीत, त्यामुळे कॅशेत खूण उरत नाही. तुमच्या यूपीआयच्या किंवा नेटबँकिंगच्या व्यवहारामागचं एईएस आता बहुधा अशाच मार्गाने चालतं. एक खिडकी बंद झाली. 2018 मध्ये मात्र कळलं की भिंतीलाच भगदाड आहे.

पुन्हा त्या औषधांच्या दुकानात चला. गर्दीची वेळ आहे. ओळखीचं गिऱ्हाईक दारात दिसलं की दुकानदार चिठ्ठी न बघताच औषध आणायला आत वळतो, कारण त्याची चिठ्ठी नेहमी खरीच निघाली आहे. औषध काउंटरवर येतं. मग चिठ्ठी तपासली जाते. आज ती खोटी निघाली, तर दुकानदार औषध देत नाही. नियम पाळला गेला. पण औषध काउंटरवर तसंच पडून आहे, आणि मागे उभ्या असलेल्या हेराला ते वेळेवरून कळतं.

प्रोसेसर दर क्षणी असंच वागतो. पुढची अट खरी ठरेल की खोटी हे कळायला डीरॅमची वाट पाहावी लागणार असेल, तर तो पूर्वानुभवावरून अंदाज बांधतो आणि पुढचं काम करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेलं पुसून टाकतो. मात्र कॅशेत आलेली ओळ पुसत नाही, कारण त्याने उत्तरावर काही परिणाम होत नाही असं वीसहून अधिक वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. स्पेक्टरमध्ये हल्लेखोर प्रोसेसरला आधी खऱ्या चिठ्ठ्या दाखवून सवय लावतो आणि मग खोटी पुढे करतो. मेल्टडाउनमध्ये तर सवय लावायचीही गरज नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमची खास मेमरी वाचायची परवानगी आहे का, हे इंटेलच्या चिप तपासायच्याच उशिरा. तोवर वाचलेल्या बाइटच्या किमतीनुसार 256 पानांपैकी एक पान कॅशेत आणून ठेवायचं, प्रोसेसरचा नकार येऊ द्यायचा आणि मग 256 पानं एकेक करून मोजायची. जे झटकन मिळालं, त्याचा क्रमांक म्हणजे तो गुप्त बाइट. शोधकर्त्यांनी या वाटेने सेकंदाला 503 किलोबाइटपर्यंत मेमरी वाचून दाखवली. 1995 नंतरचे इंटेलचे जवळपास सगळे प्रोसेसर या धोक्याच्या कक्षेत येत होते.

गूगलच्या यान हॉर्नने चिप कंपन्यांना 1 जून 2017 रोजी कळवलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक आणि आणखी काही जण स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले. त्यात पॉल कोचरही होता, पहिल्या निबंधानंतर 22 वर्षांनी. वीसहून अधिक वर्षं दडलेली गोष्ट एकाच वर्षात इतक्या जणांना दिसावी, याचा अर्थ ती आणखी कुणाला आधीच दिसली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिवाय अशा हल्ल्याची नेहमीच्या लॉगमध्ये काही नोंद राहत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचं रास्पबेरी पाय त्या जानेवारीत सुरक्षित निघालं. तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या पायमधला प्रोसेसर साधा होता, आधी काम करून ठेवण्याची घाई तो करत नव्हता. 2019 च्या चौथ्या आवृत्तीत अधिक वेगवान प्रोसेसर आला आणि त्याच्याबरोबर स्पेक्टरचा धोकाही आला. वेग आणि गुप्तता यांच्यातली ओढाताण इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

आता खुद्द डीरॅमकडे वळू, कारण गोदामसुद्धा बोलकं असतं. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म संधारित्रातला विद्युतभार. तो झिरपतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. हे बिट रांगांमध्ये मांडलेले असतात. एखादा आकडा हवा असेल तर त्याची सगळी रांग आधी एका तात्पुरत्या पट्टीवर उतरवावी लागते. पुढची मागणी त्याच रांगेतली असेल तर लगेच मिळते. दुसऱ्या रांगेतली असेल तर आधीची बंद करून नवी उघडावी लागते आणि काही नॅनोसेकंद जास्त लागतात. हा फरकही मोजता येतो. 2016 मध्ये ग्राट्सच्याच गटाने या रांगांच्या उघडझापीवरून दोन वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चोरटं बोलणं घडवून दाखवलं. इथे दोन्ही मशीनांची कॅशे वेगळी असली तरी चालतं. म्हणजे फक्त कॅशे वाटून देऊन हा प्रश्न सुटत नाही. मेमरीत जिथे जिथे सामायिक आणि मर्यादित जागा आहे, तिथे तिथे घड्याळ लावून बसता येतं.

मग सामान्य पुणेकराने किती घाबरावं? स्पष्टच सांगायचं तर, फार नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले, ते बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून. कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिकांचे पैसे जातात ते फोनवर गोड बोलून काढून घेतलेल्या ओटीपीमुळे. नॅनोसेकंद मोजत बसण्यापेक्षा चोराला ही वाट कितीतरी स्वस्त पडते. टायमिंग अटॅक लागतो तो ज्याला वेळ, ज्ञान आणि मोठं सावज आहे अशा हल्लेखोराला. अशी सावजं म्हणजे सरकारी संगणक, बँकांच्या चाव्या, संशोधन संस्था, आणि ज्यावर हजारो ग्राहक एकत्र राहतात ते क्लाउड. तिथे चावी फुटली की एका माणसाचं खातं जात नाही, त्या चावीवर विसंबलेलं सगळंच जातं. म्हणून व्यक्तीने शांत राहावं आणि संस्थेने अस्वस्थ राहावं, असं माझं मत आहे.

बचावाची किंमतही थोडी नाही. मेल्टडाउनसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी वेगळी काढावी लागली, त्याने डेटाबेससारखी कामं जाणवण्याइतकी मंदावली. फायरफॉक्सने संकेतस्थळांना मिळणारं घड्याळच मुद्दाम बोथट केलं, 5 मायक्रोसेकंदांऐवजी 20 मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने वेळ सांगायला लागलं. क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रोसेस दिली, त्यात मेमरी जास्त खर्च होते. तरीही नवी नावं येतच राहिली: 2019 मध्ये झोंबीलोड, 2022 मध्ये रेटब्लीड, 2023 मध्ये डाउनफॉल, 2024 मध्ये अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवरचं गोफेच.

मुळातून उपाय शोधणाऱ्यांमध्ये मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले मोईनुद्दीन कुरेशी आघाडीवर आहेत. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये त्यांनी 2018 साली ‘सीझर’ नावाची रचना मांडली. कोणती माहिती कॅशेत कुठे बसेल हा पत्ताच कूटलेखनाने बदलायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा बदलत राहायचा, म्हणजे काउंटरची कुठली जागा अडवायची हे हेराला कळणारच नाही. पुढच्याच वर्षी कुरेशींनी स्वतःच्या रचनेवर अधिक वेगवान हल्ला शोधून तो प्रसिद्ध केला आणि सुधारित रचना दिली. आयआयटी बॉम्बेतून तिथे गेलेले गुरुराज सैलेश्वर यांनी 2021 मध्ये त्यांच्यासोबत ‘मिराज’ ही आणखी कडक रचना मांडली. स्वतःचं काम स्वतः मोडून दाखवण्याचा कुरेशींचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. सुरक्षेचं शास्त्र त्याशिवाय पुढे सरकत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या वाचकांच्या हातातही बरंच आहे. गुप्त माहितीवरून ‘जर-तर’ ठरवू नये, गुप्त आकड्याने तक्त्यातली जागा शोधू नये, आणि दोन टोकन किंवा हॅश जुळतात का हे साध्या तुलनेने पाहू नये. साधी तुलना टेनेक्ससारखीच पहिल्या फरकाला थांबते. पायथॉनच्या ‘एचमॅक’ मॉड्यूलमध्ये ‘कम्पेअर डायजेस्ट’ हे फंक्शन नेमकं यासाठीच आहे, ते फरक सापडला तरी शेवटपर्यंत तपासत जातं. बाकीच्यांनी संगणकाचे आणि फोनचे अपडेट लांबणीवर टाकू नयेत. प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे बदलही बहुधा त्यांतूनच येतात.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र आता पुण्यावरच येऊन पडली आहे. वेताळ टेकडीच्या पलीकडे, पाषाणच्या पंचवटीत सी-डॅक आहे. परम महासंगणक घडवणाऱ्या या संस्थेने ‘औम’ हा स्वदेशी प्रोसेसर जाहीर केला आहे, 96 गाभ्यांचा, आर्म कंपनीच्या निओव्हर्स व्ही1 या गाभ्यावर आधारलेला. महासंगणकावर देशभरातल्या संस्था एकाच यंत्रात आपापलं काम चालवतात, म्हणजे काउंटर सामायिकच राहणार. स्पेक्टरचाच एक प्रकार 2022 मध्ये उघड झाला, त्याने बाधित गाभ्यांच्या यादीत निओव्हर्स व्ही1 चं नाव आहे. त्यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये उपलब्ध आहे, त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चिप स्वदेशी आहे एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही, हे मात्र यातून नीट समजावं.

टेकडीच्या अलीकडे, आपल्या कोथरूडच्या बाजूला, एआरएआय आहे. 1966 मध्ये स्थापन झालेली ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. कारखानदार आपली गाडी चांगली आहे म्हणाला तेवढ्यावर ती रस्त्यावर येत नाही, दुसऱ्या कुणीतरी ती तपासून पाहावी लागते. प्रोसेसरच्या बाबतीतही हाच शिरस्ता पडायला हवा, आणि तो पाडायला लागणारी माणसं देशात आहेत. पवईत मेनेझिस यांच्या गटाने हे काम करून दाखवलं आहे, तिथेच कॅशेच्या सुरक्षेवर काम करणारे बिस्वबंदन पांडा आहेत. आयआयटी खरगपूरचे देबदीप मुखोपाध्याय आणि आयआयटी मद्रासचे चेस्टर रिबेरो यांनी तर साराणी भट्टाचार्य यांच्यासह या विषयावर पुस्तक लिहिलं आहे. सी-डॅकने औमचे नमुने विक्रीला काढण्याआधी अशा संशोधकांच्या हाती द्यावेत, त्यांना तो फोडायची पूर्ण मोकळीक द्यावी आणि जे सापडेल ते जाहीर करावं. आणि जनतेच्या पैशातून महासंगणक विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने निविदेत या चाचणीचा अहवाल मागावा.